टीबीच्या जीनोमवर बारा शनिवार: प्रशिक्षण प्रकल्पाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

जीनोमचा, म्हणजे जीवाच्या संपूर्ण डीएनएचा, डेटा संगणकावर वाचायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाचा आराखडा आज दुसऱ्यांदा फाडला. पहिल्या खर्ड्यात चौदा सॉफ्टवेअर होती, दर शनिवारी एक तरी नवं. वाचून पाहिलं तर ती नुसती भांड्यांची यादी झाली होती, स्वयंपाक कुठेच नव्हता. आता सहाच ठेवली आहेत: फास्टक्यूसी, फास्टपी, बीडब्ल्यूए, सॅमटूल्स, बीसीएफटूल्स आणि डोळ्यांनी बघायला आयजीव्ही. बारा शनिवार, सकाळी दहा ते चार, पुण्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब.

अर्ज एक्केचाळीस आले. जागा अठरा, कारण नीट चालणारी मशीन्स वीस आणि त्यातली दोन राखीव हवीतच. सूक्ष्मजीवशास्त्राचे सात प्राध्यापक, पीएचडी करणारे पाच, रुग्णालयांच्या लॅबमधले चौघे आणि जालन्याच्या बियाणे कंपन्यांतले दोघे. आयएससीबी या संगणकीय जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिक्षण समितीने २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या शिकणाऱ्यांचे तीन गट पाडले होते: साधनं वापरणारे, त्यांच्या आधारे संशोधन करणारे आणि साधनं घडवणारे. आमचे अठराच्या अठरा पहिल्या नाहीतर दुसऱ्या गटातले. कुणालाही प्रोग्रॅमर व्हायचं नाही. सगळ्यांना आपल्या टेबलावर आलेल्या डेटाचं उत्तर हवं आहे.

सरावासाठी टीबीचा जंतू घेतला. एचथर्टीसेव्हनआरव्ही या प्रमाण वाणाचा जीनोम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. लांबी ४४,११,५३२ अक्षरं. माणसाचा जीनोम तीन अब्जांच्या पुढे जातो, तो या मशीन्सना झेपणार नाही. टीबीचा एक नमुना आठ जीबीच्या मशीनवर चहा होईपर्यंत मॅप होतो, म्हणजे त्याचे तुकडे प्रमाण जीनोमवर आपापल्या जागी बसतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, त्यामुळे या विषयाची ओळख वर्गात करून द्यावी लागत नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

दिवसभर इन्स्टॉलेशन. विंडोजवर लिनक्सची सोय करून घेतली. कॉलेजचं नेट अठरा मशीन्सना पुरणार नाही हे माहीत होतं, म्हणून सगळं एका डिस्कवर तयार करून मशीनमागून मशीन कॉपी केलं. मदतीला आमच्या लॅबमधला सिस्टिम सांभाळणारा मुलगा होता. दुपारी तीनपर्यंत चौदा झाली, उरलेली चार त्याने रात्री बसून संपवली.

फोल्डरच्या नावात जागा सोडू नका, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

११ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस. परवाच जीनोमइंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जीनोमचा डेटा संशोधकांसाठी खुला केल्याची घोषणा झाली. तो फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवला आहे. सुरुवात त्या बातमीने केली, कारण डेटा आता दाराशी आला आहे आणि तो वाचणारी माणसं कमी आहेत.

मग कमांड बाजूला ठेवून फास्टक्यू फाईलमधला एकच रीड, म्हणजे मशीनने वाचलेला डीएनएचा एक तुकडा, कागदावर छापून वाटला. चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि चौथ्या ओळीत खुणांचा गिचमिडा. तो गिचमिडा हाताने सोडवायला लावला. प्रत्येक खुणेचा संगणकातला क्रमांक घ्यायचा आणि त्यातून ३३ वजा करायचे. '#' ची किंमत २ येते. 'I' या अक्षराची, म्हणजे मोठ्या आयची, ४०. गुण २० म्हणजे शंभरात एक अक्षर चुकण्याची शक्यता, ३० म्हणजे हजारात एक.

मिरजेच्या एका रुग्णालयातून आलेल्या टेक्निशियन ताई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे मशीन स्वतःच सांगतंय, की या अक्षराबद्दल मला खात्री नाही?" हो, तेच सांगतंय. एवढं नेमकं वाक्य माझ्या स्लाइडवर नव्हतं. आता घातलं.

१८ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस मनाला लागला. तो सविस्तर लिहून ठेवते.

दोनच वर्गांत मॅपिंग आणि व्हेरिएंट, म्हणजे प्रमाण जीनोमहून वेगळी अक्षरं, शोधण्यापर्यंत सगळ्यांना एकदा घेऊन जायचं आणि मग मागे येऊन एकेक पायरी समजावायची, असं ठरलं होतं. मी पडद्यावर कमांड लिहीत होते, ते माझ्याबरोबर लिहीत होते. पिवळी चिठ्ठी म्हणजे झालं, गुलाबी म्हणजे अडलंय. ही पद्धत संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीवाल्यांची, आणि आमच्याकडेही चांगली चालते. हात वर करून "मला येत नाही" म्हणायला पन्नाशीच्या प्राध्यापकांना संकोच वाटतो, गुलाबी चिठ्ठी चिकटवायला वाटत नाही. साडेतीन वाजता अठराही मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या आणि मला आनंद झाला होता.

मग मी सहज एकांच्या पडद्यावर वाकून पाहिलं. व्हेरिएंटच्या यादीत जीनोटाइपच्या रकान्यात कुठे कुठे शून्य-तिरकी रेघ-एक असं लिहून आलं होतं, म्हणजे एक प्रत मूळ आणि एक बदललेली. बीसीएफटूल्सला वेगळं काही सांगितलं नाही तर ते समोरचा जीव माणसासारखा, दोन-दोन प्रती असलेला आहे असं धरून चालतं. जंतूला गुणसूत्राची एकच प्रत. प्लॉइडी, म्हणजे प्रतींची संख्या, एक, एवढा पर्याय कमांडमध्ये लिहायचा मीच विसरले होते.

चूक माझी होती, पण अठरांपैकी एकालाही ती दिसली नाही. त्यात वीस-वीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेले लोक होते. जंतूत एकच गुणसूत्र असतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, हे इथे काय लिहिलंय?" त्यांनी दोन सेकंद पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मला वाटलं कॉम्प्युटरमध्ये असंच येत असेल."

हे वाक्य घेऊन घरी आले. चपला दाराबाहेर काढून आत यावं तसं या माणसांनी आपलं ज्ञान लॅबच्या बाहेर ठेवलं होतं. कमांड अडली नाही, लाल अक्षरं आली नाहीत, म्हणजे उत्तर बरोबर. आणि दोन शनिवार मीच त्यांना हे शिकवत होते. अडलं की गुलाबी, चाललं की पिवळी.

१९ जानेवारी, रविवार

पुढच्या दहा वर्गांची मांडणी बदलली. यापुढे दर शनिवारी एक चूक मी मुद्दाम पेरणार. अशी, की प्रोग्रॅम तक्रार न करता शेवटपर्यंत चालेल आणि उत्तर मात्र चुकीचं येईल. तिला नाव दिलं 'मुकी चूक'. जी चूक बोलते, लाल अक्षरांत ओरडते, ती नेटवर शोधून कुणीही दुरुस्त करतं. मुकी चूक पकडायला जीवशास्त्र लागतं, आणि ते या लोकांकडे माझ्याहून जास्त आहे.

तिसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या मागवल्या, निळ्या. निळी म्हणजे "चाललं, पण मला पटत नाही."

२५ जानेवारी, शनिवार

निळ्या चिठ्ठ्या पहिल्यांदा वापरल्या. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी वाचतात, म्हणून एका नमुन्याच्या दोन फाईल असतात, डावी आणि उजवी. पेरलेली चूक सोपी होती: एका नमुन्याची उजवी फाईल दुसऱ्याच नमुन्याची दिली होती. तिघांनी पकडली. पीएचडीच्या एका मुलीने निळी चिठ्ठी लावली ती वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि तिची शंका चुकीची निघाली. तरी तिचं म्हणणं सगळ्यांसमोर पूर्ण ऐकून घेतलं. पटत नाही असं म्हणण्याची सवय आधी लागू दे, नेम नंतर बसेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

फळ्यावर हिशेब. पन्नासपट खोली, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी पन्नास वेळा वाचलेलं, हवी असेल तर किती रीड लागतील? ४४,११,५३२ गुणिले ५० म्हणजे साधारण २२ कोटी अक्षरं. एका जोडीत १५० आणि १५० मिळून ३०० अक्षरं. म्हणजे सुमारे ७ लाख ३५ हजार जोड्या. मग त्यांना दिलेल्या फाईलमधल्या ओळी मोजायला सांगितल्या आणि चारने भागायला. एका गटाची फाईल डाउनलोड अर्धवट राहिलेली होती (मीच कापली होती). हिशेब न मांडता ती कळली नसती.

जालन्याहून येणाऱ्यांपैकी एकांनी कपाशीचा हिशेब करून दाखवला. लागवडीची कपाशी गुणसूत्रांच्या चार संचांची, जीनोम अडीच अब्ज अक्षरांच्या आसपास. तिथे प्लॉइडीचा प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी किचकट. पुढच्या बॅचला पिकांचा वेगळा दिवस हवा.

८ फेब्रुवारी, शनिवार

रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा वर्ग. रुग्णालयाच्या लॅबमधले चौघे आज पहिल्यांदा पुढे सरसावले, कारण आरपीओबी जनुकाचा तो ८१ अक्षरांचा तुकडा त्यांच्या रोजच्या कामातला. त्यात बदल झाला की रिफॅम्पिसिन लागू पडत नाही. जीनएक्सपर्ट हे टीबी तपासायचं मशीन तोच तपासतं.

गोंधळ क्रमांकावरून सुरू झाला. त्यांच्या पट्टीच्या चाचणीत (जनुकातला बदल पट्टीवर रेघ उमटवून दाखवते ती) या तुकड्यातल्या एका बदलाला ५३१ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या उत्परिवर्तनांच्या सूचीत तोच ४५० आहे. दोघे बरोबर. ५३१ हा ई. कोलाय या दुसऱ्या जंतूच्या प्रथिनातला क्रमांक, जुन्या काळापासून रुळलेला, आणि ४५० टीबीच्या स्वतःच्या प्रथिनातला. मी इंग्रजी लेखातलं स्पष्टीकरण वाचून दाखवत होते आणि समोर शांतता होती. तेवढ्यात जालन्याचे दुसरे भाऊ म्हणाले, "मॅडम, हे जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असं झालं की. जमीन तीच."

सगळ्या वर्गाला एका क्षणात कळलं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना तर पुढचंही कळलं: जुना नंबर घेऊन नव्या नकाशावर शोधायला गेलं की भलत्याच्या वावरात जाऊन उभं राहतो. माणसाच्या जीनोमच्या ३७ आणि ३८ या आवृत्त्यांमध्ये हेच होतं, आणि तिथेही प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही.

मग जागा हाताने काढली. जनुक ७,५९,८०७ या स्थानावर सुरू होतं. तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन, आणि त्यातून प्रथिनातलं एक अमिनो आम्ल ठरतं. ४५०वा कोडॉन म्हणजे १३४८ ते १३५० ही अक्षरं, मधलं १३४९वं. ७,५९,८०७ अधिक १३४९ वजा १, म्हणजे ७,६१,१५५. आयजीव्हीत तिथे गेलो तर सीच्या जागी टी. टीसीजीचं टीटीजी, सेरिनचं ल्युसिन. 'वजा १ कशाला' यावर वीस मिनिटं गेली आणि ती सत्कारणी लागली. पहिलं घर क्रमांक एक असेल तर दहावं घर नऊ घरं पुढे असतं. पुढे बेड फाईलमध्ये, म्हणजे जीनोमवरच्या जागांच्या यादीत, मोजणी शून्यापासून सुरू होते, तिथे ही वीस मिनिटं कामी येतील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आयसोनियाझिड, टीबीचं दुसरं औषध. कॅटजी जनुक एक एन्झाइम बनवतं, आणि आयसोनियाझिड जंतूच्या आत त्या एन्झाइमकडून सक्रिय झाल्याशिवाय काम करत नाही. ३१५व्या जागी सेरिनचं थ्रिओनिन झालं की एन्झाइम ते काम सोडतं आणि औषध निष्प्रभ. एजीसीचं एसीसी.

मिरजेच्या ताईंना हे तोंडपाठ. त्यांनी वर्षानुवर्षं पट्ट्या वाचल्या आहेत, कॅटजीची एमयूटी१ रेघ उमटली म्हणजे एजीसीचं एसीसी. मी आज मुकी चूक पेरली नव्हती. पेरायची गरज नव्हती, ती निसर्गानेच पेरली आहे.

व्हेरिएंटच्या यादीत २१,५५,१६८ या स्थानावर मूळ अक्षर सी, बदललेलं जी. वर्गातल्या बहुतेकांनी पिवळी चिठ्ठी लावली. पीएचडीच्या एका मुलाने आयजीव्हीतून अक्षरं वाचली: जीसीटी, आणि रीडमध्ये जीजीटी. तक्ता काढून त्याने लिहिलं, 'अ‍ॅलानिनचं ग्लायसिन, सूचीत नाही, म्हणजे औषध चालेल'. कोडॉन बरोबर वाचला होता, तक्ता बरोबर पाहिला होता, मराठीत स्वच्छ निष्कर्ष लिहिला होता. त्या कागदावर एका रुग्णाला न लागू पडणारं औषध सुरू राहिलं असतं.

ताईंच्या मॉनिटरवर निळी चिठ्ठी होती. मी गेले तर त्यांनी वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. वर 'पट्टी: जी चं सी'. खाली 'कॉम्प्युटर: सी चं जी'. म्हणाल्या, "उलटं आलंय. मशीन चुकलंय की मी, ते कळेना. पण दोन्ही बरोबर असू शकत नाहीत."

मी काहीच सांगितलं नाही. सगळ्यांना त्या वहीभोवती बोलावलं. पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक प्राध्यापिका, ज्या इतके दिवस मागे बसायच्या, पुढे आल्या आणि खडू घेतला. फळ्यावर दोन समांतर रेघा, वरच्या रेघेवर डावीकडून उजवीकडे बाण, खालच्यावर उजवीकडून डावीकडे. आरपीओबी वरच्या रेघेवर काढलं. कॅटजी खालच्या. "हे जनुक उलट्या धाग्यावर आहे. फाईलमध्ये नेहमी वरचा धागा लिहितात." मग त्यांनी एजीसी उजवीकडून डावीकडे लिहिलं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याचं जोडीदार अक्षर मांडलं, आणि वरची ओळ डावीकडून वाचली: जीसीटी. मग एसीसीचं तसंच केलं: जीजीटी. वर्गातून 'अरे' असा एकच आवाज आला.

स्थानाचा हिशेबही त्यांनीच केला. जनुकाची सुरुवात मोठ्या आकड्याकडून, २१,५६,१११. ३१५व्या कोडॉनचं मधलं अक्षर ९४४वं. या वेळी बेरीज नाही, वजाबाकी: २१,५६,१११ वजा ९४४ अधिक १, म्हणजे २१,५५,१६८. तंतोतंत. आयजीव्हीत अक्षरांच्या ओळीच्या डाव्या बाजूला एक छोटा बाण असतो, त्यावर क्लिक केलं की उलटा धागा दिसतो. तो बाण मी सर्वात शेवटी दाखवला. आधी दाखवला असता तर फळ्यावरच्या दोन रेघा कुणी काढल्या नसत्या.

त्या मुलाने कागद खोडला नाही. खाली तारीख घालून बरोबर उत्तर लिहिलं आणि दोन्ही ठेवले. त्या कागदाचा फोटो मी पुढच्या बॅचसाठी काढून घेतला आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक्सेल. सेप्ट२ आणि मार्च१ ही माणसाच्या जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्टिन२ आणि मार्चएफ१ केली. वर्गाला ही गोष्ट दूरची वाटली. मग नगरहून येणाऱ्या एका सरांनी आपली नमुन्यांची यादी उघडली. त्यांच्याकडे पेटी आणि खाचा अशा क्रमाने नमुन्यांना ३-५, ४-११ असे नंबर आहेत. यादीत ३ मे आणि ४ नोव्हेंबर. गेली दोन वर्षं ते हाताने दुरुस्त करत आले होते आणि कारण कुणी सांगितलं नव्हतं. आता नंबरच्या आधी एक अक्षर लावायचं ठरलं.

१ मार्च, शनिवार

आजची मुकी चूक माझ्या स्वतःच्या जुन्या कामातली. तसं सांगूनच वर्ग सुरू केला.

टीबीच्या जीनोममध्ये पीई आणि पीपीई नावाची जनुकांची कुटुंबं आहेत, प्रथिनं लिहिणाऱ्या भागाचा जवळजवळ दहावा हिस्सा. ती एकमेकांसारखी आणि पुनरावृत्तींनी भरलेली. १५० अक्षरांचा रीड तिथे नक्की कुठला हे ठरवता येत नाही, त्यामुळे खोटे फरक उगवतात. म्हणून तो भाग झाकून, 'मास्क' करून, बाकीचे फरक मोजतात. दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये साधारण १२ पेक्षा जास्त फरक असतील तर एकाकडून दुसऱ्याला अलीकडे लागण झाली असं सहसा मानत नाहीत. मर्यादा इतकी लहान आहे म्हणून हे खोटे फरक महागात पडतात.

झाकायच्या भागांची फाईल दिली. सगळ्यांनी चालवली, यादी आली, फरक मोजले. काहींचे २३, काहींचे २१. निष्कर्ष: संबंध नाही. एकही एरर नाही.

झाकणाच्या फाईलमध्ये गुणसूत्राचं नाव 'क्रोमोसोम' असं होतं आणि व्हेरिएंटच्या फाईलमध्ये 'एनसी_०००९६२.३'. नावं जुळली नाहीत, म्हणून प्रोग्रॅमने झाकायला काही सापडलं नाही असं धरलं आणि काहीच झाकलं नाही. चोख काम केलं. नाव दुरुस्त केल्यावर फरक राहिले ४.

काही वर्षांपूर्वी एका कामात मी हेच केलं होतं. निकाल बाहेर जायच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "झाकण्याआधी किती होते आणि नंतर किती?" दोन्ही आकडे एकच होते. त्या प्रश्नाने वाचवलं, माझ्या हुशारीने नाही. वर्गाला तोच प्रश्न दिला: प्रत्येक गाळणीच्या आधी मोजा आणि नंतर मोजा. पिठाची चाळण हलवली आणि खाली काहीच पडलं नाही, तर घरात आपण थांबतोच ना.

आयजीव्हीत त्या भागातले रीड पांढरे, पोकळ दिसतात, कारण त्यांची मॅपिंगची गुणवत्ता शून्य. दिवसाच्या शेवटी नऊ जण आपापल्या नमुन्यात तो पांढरा पट्टा शोधत बसले होते, साडेचार वाजून गेले तरी.

८ मार्च, शनिवार

एका प्रशिक्षणार्थींनी सरावाला स्वतःच्या लॅबची यादी पेन ड्राइव्हवर आणली. तिच्यात रुग्णांची नावं, गाव, वय. हेतू चांगला होता, आपल्याच डेटावर शिकायचं होतं. फाईल उघडताक्षणी बंद केली, मशीनवरची प्रत पुसली आणि नियोजित धडा बाजूला ठेवून एक तास संमती, सांकेतिक क्रमांक आणि कुलूपबंद यादी यावर घालवला. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांनी वाचली. हा धडा पहिल्या दिवशी हवा होता. पुढच्या बॅचला असेल.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. अकराच जण आले. दुपारी वीज दोन तास नव्हती, म्हणून पायऱ्यांच्या कागदी चिठ्ठ्या कापून क्रम लावायचा खेळ घेतला. वीज आल्यावर गॅलक्सी दाखवलं, ब्राउझरमधून चालणारं, ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्यासाठी.

२२ मार्च, शनिवार

परवा जागतिक क्षयरोग दिन. कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. एका प्राध्यापकांनी वर्गात त्यावर दहा मिनिटं फार सुंदर सांगितलं, मी मागे बसून ऐकलं.

२९ मार्च, शनिवार

शेवटचा वर्ग. परीक्षा म्हणून सार्वजनिक संग्रहातले तीन नमुने, लेबल काढून. कुठली औषधं लागू पडणार नाहीत, आणि कशावरून म्हणता? उत्तरापेक्षा 'कशावरून'ला जास्त गुण. तिसऱ्या नमुन्यात आरपीओबीच्या त्याच जागी दोन्ही अक्षरं जवळजवळ निम्मी-निम्मी होती. प्लॉइडी एक दिली की यादीत त्यातलं एकच दिसतं. अकरा जणांनी यादीवर न थांबता आयजीव्हीत जाऊन पाहिलं आणि लिहिलं की हा नमुना मिश्र असावा, पुन्हा तपासावा. १८ जानेवारीला ज्या सरांच्या पडद्यावर मी वाकले होते, ते त्या अकरांत होते. त्यांनी समासात लिहिलं होतं: "जंतूला एकच गुणसूत्र, म्हणून इथे एका नमुन्यात दोन जंतू."

उद्या पाडवा. सगळे लवकर निघाले.

२४ मे, शनिवार

आठ आठवड्यांनी पुन्हा सगळ्यांना फोन केले. आठ जण शिकलेलं वापरत आहेत. पाच जणांकडे मशीन नाही किंवा वरिष्ठांची परवानगी नाही. त्यांच्या विभागप्रमुखांना पत्रं लिहायला घेतली आहेत, कारण ही अडचण प्रशिक्षणार्थींची नाही आणि ती त्यांच्या एकट्याने सुटणार नाही. तिघे नोकरीच्या धबडग्यात विसरले, तसं स्पष्ट म्हणाले. दोघांचे फोन लागले नाहीत.

संध्याकाळी मिरजेच्या ताईंचाच फोन आला. बाहेरून करून घेतलेल्या सीक्वेन्सिंगचा अहवाल त्यांच्या डॉक्टरांकडे आला होता, आणि पट्टीचा निकाल त्याच्याशी जुळत नव्हता. डॉक्टरांनी ताईंना बोलावलं. ताईंनी मूळ फाईल मागवली आहे. "नाव जुळतंय का, धागा कुठला आणि झाकण्याआधी किती होते, एवढं आधी बघते," म्हणाल्या. "सोमवारी फाईल येईल. अडलं तर फोन करू का?"

सोमवारी दुपारी दोन ते चार मोकळी ठेवली आहे.